पुरे कोण म्हणणार?

लिंबं टेबलावर पसरली होती आणि घरातली माणसं लिंबांभोवती. पण आज कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे लिंबांकडेच बघत होते.

"चारलाच येणार ना त्या?" ताईनं विचारलं. आल्यापासून हेच विचारत होती.

"चारला," धाकटी सून सुई म्हणाली.

"आणि आबांना नाही जमलं, तर उद्या सकाळी गाडी येईल." दादानं लिंबू असं कापलं की जणू त्याच्याशी जुनं वैर होतं. "मी शुश्रूषाकेंद्रात सांगून ठेवलंय. पोटात नळी घालायची वेळ आली, तर पुढचं सगळं त्यांच्याकडे. घरात हे निभणार नाही. आता त्यावर पुन्हा चर्चा नको."

"चर्चा कोण करतंय?" धाकटा म्हणाला. "तू सांगतोस, आम्ही लिंबं पिळतो."

आई मान खाली घालून पिळत होती. तिच्या बोटांतून रस वाटीत उतरत होता आणि ओठांतून, तिच्याही नकळत, एक ओळ:

*लिंबू पिळू पिळू, हात झाले गं आंबट,*
*घरची माणसं गोड, त्यांचं बोलणं तिखट...*

"आई, गातेस काय?" ताई म्हणाली.

"गातेय कुठे? श्वास घेतेय," आई म्हणाली.

उन्हं तापू लागली की हे घर एकत्र जमून सरबत करायचं. रसाचं सरबत, साखरेच्या पाकात मुरवलेल्या सालींच्या पट्ट्या. लिंबाचं काहीही वाया जाऊ द्यायचं नाही, हा आबांचा नियम. यंदा तो दिवस ओढून या रविवारावर आणला होता, कारण गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "त्यांच्या आवडीचं काही करा. ओळखीच्या चवीनं जीभ जागी होते." त्या बाईंना सुईच्या सहा वर्षांच्या चिमणीनं पहिल्याच दिवशी घोटबाई नाव ठेवलं होतं आणि आता घरात सगळे तेच म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणायचं नाही एवढंच पथ्य.

आतल्या खोलीत आबा होते. उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, नाकात नळी. अर्धांगाचा झटका आला त्या सकाळपासून उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. घोट घशातून पोटाकडे जायचा तो छातीत उतरायचा. पाणी तर वैरीच. म्हणून घोटबाईंनी पांढऱ्या पावडरीचा एक डबा दिला होता: ती सरबतात घालायची, सरबत मधासारखं संथ झालं पाहिजे. तसले काही चमचे आबांनी न ठसकता गिळले, तर नळी हळूहळू सुटेल आणि ते घरीच राहतील. ठसकले, तर पोटाला भोक.

"साखर," आई म्हणाली.

सुईनं साखरेचा डबा उचलला. पातेल्यावर धरला आणि सवयीनं मान वर केली.

आणि तिथेच तिचा हात अडला.

कारण या घरात साखर टाकणारा कधी पातेल्यात बघत नसे. तो आबांकडे बघे. साखर पडत राहायची, आबा पातेल्याकडे डोळे लावून बसायचे, आणि मग त्यांच्या पोटातून तो शब्द यायचा: "पुरे!" ही खोड त्यांच्या धंद्यातली. आबा नळजोडणीवाले. व्हॉल्व्हपाशी बसणाऱ्याला टाकी दिसत नाही, टाकीपाशी उभ्या असलेल्याला व्हॉल्व्ह दिसत नाही. मध्ये तीन मजले आणि एक हाक. वरच्यानं पुरे म्हटलं की खालच्यानं हात थांबवायचा, शंका काढायची नाही. हाक पोचण्यासारखी नसेल तर पाइपावर पान्ह्याचे दोन टोले. दोन टोले म्हणजे पुरे. तीच रीत आबांनी घरात आणली. दूध ओतताना पुरे, कणकेत पाणी घालताना पुरे, भांडणातसुद्धा पुरे.

सुई लग्न होऊन आली त्या आठवड्यातली गोष्ट. तिला मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती. मामाच्या घरी वाढलेली पोर. आवाज केला की जागा जाईल अशा भीतीनं वाढलेली. आबांनी तिला गच्चीवर टाकीपाशी उभं केलं. टाकी भरली, काठ ओलांडून वाहू लागली, आणि ही आपली पुटपुटतेय, "पुरे... पुरे..." खालून आबा ओरडले, "सूनबाई, लाजेनं गच्ची धुऊन निघाली! हे घर तुझं आहे, ओरड की!" आणि ती ओरडली होती. समोरच्या गल्लीतली कुत्री उठून बसली इतक्या मोठ्यानं. ती शिवणकाम करते म्हणून त्यांनीच तिचं नाव सुई ठेवलं.

"टाक की आता," धाकटा हळूच म्हणाला.

साखर पडू लागली.

"बस," ताई म्हणाली.

"एवढ्यात? अजून घाल," दादा म्हणाला.

"दादा, तुला गोड लागतं म्हणून—"

"मला नाही, त्यांना. ते नेहमी याहून जास्त घालायचे."

"ते नव्हते घालत. ते थांबवायचे."

सुईनं आपल्याच मनानं डबा बाजूला ठेवला. कुणाचंच समाधान झालं नाही.

सरबत तयार झालं. आल्याचा रस, चिमूटभर मीठ. मोठा जग भरून ओट्यावर ठेवला. त्यातलं आबांच्या पेल्यात वेगळं काढलं आणि सुईनं मापाप्रमाणे पावडर घालून ढवळलं. ते काही घट्ट होईना. चमच्यावरून पाण्यासारखं पळत होतं. घोटबाई म्हणाल्या होत्या, जरा थांबायचं, ते आपोआप जमतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आबांचा परवाचा ठसका आला. नुसती लाळ गिळताना लागलेला. निळे पडलेले ओठ. तिनं आणखी एक चमचा घातला, पेल्यावर ताटली झाकली आणि बाहेर आली.

बाहेर वातावरण तापलं होतं.

"तुला वाटतं मी त्यांना टाकायला निघालोय," दादा धाकट्याला म्हणत होता. "तू सकाळी जातोस कामाला. सुई मशीनवर. आई एकटी त्यांची कूस बदलते. परवा तिची कंबर धरली, कुणाला सांगितलं तिनं?"

"मला सांगितलं," ताई म्हणाली. "म्हणून तर मी दादाच्या बाजूनं आहे. राग मानू नकोस, सुई."

"राग कसला, ताई. पण आबांना कळतं सगळं. तिकडे देऊन आलो, तर तेही कळेल त्यांना..."

"काय कळतं?" दादाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी रोज येऊन बसतो. आबा म्हणतो, हात धरतो. ते माझ्यातून आरपार बघतात. तुला कशावरून वाटतं कळतं? इच्छा म्हणजे पुरावा नाही."

पुरावा सुईकडेही नव्हता. होतं ते इतकंच, की ती मशीन थांबवायची तेव्हा आबांचे डोळे किंचित हलायचे. मशीनच्या आवाजानं नव्हे, थांबण्यानं. हे सांगितलं असतं तर दादा हसला नसता. त्यानं तिच्याकडे कीव करून पाहिलं असतं, आणि ते जास्त वाईट.

"आई, तू बोल ना," धाकटा म्हणाला. "तुझा नवरा आहे."

आई सालींच्या पट्ट्या कापत होती. सुरी थांबली.

"नेऊ दे त्यांना," ती म्हणाली.

धाकट्यानं हातातलं लिंबू खाली ठेवलं.

"मी भित्री आहे रे," आई म्हणाली. "त्यांना ठसका लागला की मला वाटतं, माझ्या हातून गेले. माझ्या हातच्या चमच्यानं. चाळीस वर्षं या हातानं जेवू घातलं आणि आता हाच हात... नेऊ दे. तिथल्या बायका शिकलेल्या असतात." आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. डोळे पुसायला, असं सगळ्यांनी समजून घेतलं.

आईंचा आधार धरून सुई या घरात भांडली असती. आता भांडायचं ते आईंशीच? ती उठून आबांपाशी गेली. त्यांचा डावा हात हातात घेतला. नखांत जुनं काळं होतं, पाइपांच्या सांध्याचं. किती धुतलं तरी न गेलेलं. "आबा," ती म्हणाली, "आज तेवढं गिळा हो." आबा भिंतीकडे बघत राहिले.

दारातून तिला माणसांची ये-जा दिसत होती. आई डोळे पुसून आली. मग ताई पाणी प्यायला गेली. मग धाकटा गेला, का कोण जाणे. मग दादा गेला आणि बराच वेळ आला नाही. घरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं.

चार वाजता घोटबाई आल्या. ठेंगणी, गोल, धापा टाकणारी बाई. खांद्याला पिशवी, पायात आवाज न करणारे बूट.

"सगळं गोकुळ जमलंय!" त्या म्हणाल्या. "परीक्षा आबांची आणि घाम तुम्हांला? चला, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवा. ताठ. अंथरुणात नाही. कुठे बसून प्यायचे सरबत?"

"स्वयंपाकघरात," चिमणी म्हणाली. "नळाजवळ. आमच्या नळाजवळ."

दोघा भावांनी मिळून उचललं. एकमेकांशी धड न बोलणारे दोघे, पण उचलताना हात बरोबर जागी गेले, जड पाइप उचलावा तसे. खुर्ची नळाशेजारी लागली, जिथे पाण्याचा पाइप भिंतीबाहेरून खाली उतरत होता. तो आबांनीच बसवलेला. चिमणीनं आबांच्या डाव्या मुठीत एक स्टीलचा चमचा कोंबला. "आबांचं सरबत, आबांचा चमचा," ती म्हणाली. कुणी तिला थांबवलं नाही.

"पेला?" घोटबाई म्हणाल्या.

सुईनं ताटली काढली. पेल्यात चमचा होता. तिनं तो उचलला आणि चमच्याबरोबर अख्खा पेला वर आला.

घोटबाईंनी पेला हातात घेतला. उलटा केला. काहीही पडलं नाही. ठोकला. तरी नाही.

"हे सरबत आहे," त्यांनी विचारलं, "की भिंतीचा गिलावा?"

सुईचे कान तापले. "मी... एकच चमचा जास्त घातला होता. पातळ वाटलं म्हणून."

"एका चमच्यानं हे होत नाही."

"मीही घातला," आई खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, कुणी घातलीच नसेल."

"आई! मी पण!" ताईनं कपाळावर हात मारला. "मी बघितलं, चमच्यावरून पळत होतं..."

धाकट्यानं घसा खाकरला. "मी दोन."

सगळे दादाकडे वळले. दादा खिडकीबाहेर बघत होता.

"दादा?"

"उरलेली होती डब्यात," दादा म्हणाला. "जास्त नव्हती."

घोटबाईंनी डबा उघडून बघितला. तळ चकचकत होता. "अति तेथे माती म्हणतात, तुम्ही सिमेंट केलंत," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता खुर्चीत बसल्या. ताईला हसू फुटलं, धाकट्याला फुटलं. आई पदराआड हसत होती की रडत होती, कळलं नाही. सुईला मात्र हसता येईना. ती दादाकडे बघत होती. ज्यानं आबांना पाठवायचं ठरवलं होतं, त्यानंच सगळ्यांच्या मागून, गुपचूप, सगळा डबा आबांच्या पेल्यात रिकामा केला होता. ठसका लागू नये म्हणून. त्याला ती गाडी नकोच होती. त्याला फक्त सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

"आता?" धाकटा म्हणाला. "पावडर संपली. आज रविवार."

"पावडर कशाला हवी?" आईनं डोळे पुसले. "घट्ट झालंय तर सैल करू. मोठा वाडगा आण गं सुई. आणि गाळणी."

गाठ चालणार नाही, घोटबाईंनी बजावलं. एक गाठ घशात अडकली तर खेळ खलास. आईनं तो गोळा चमच्यानं वाडग्यात खरवडला, फोडला, घोटला. सुईनं वाडगा धरला. जग दादाच्या हातात आला, कारण तो जगाजवळ उभा होता, आणि आता मागे कसं हटणार.

"हळू ओत," ताई म्हणाली.

तो ओतू लागला. बारीक धार. आई घोटत होती. गोळ्याचे तुकडे झाले, तुकड्यांचा चिखल.

"बस!" ताई म्हणाली.

"अजून हवंय," धाकटा म्हणाला, "अजून लापशीच आहे ती."

"पातळ होईल, दादा, थांब!"

"थांबू नकोस!"

"तुम्ही सांगा ना," दादा घोटबाईंना म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"ओता, ओता, झाल्यावर मी तपासते," घोटबाई म्हणाल्या. "पण सगळे एकदम बोलू नका बाई, मलाच ठसका लागेल."

दादा ओतत राहिला. वाडग्याकडे बघायचं त्यानं सोडूनच दिलं होतं. डोळे मिटल्यासारखे झाले होते. सुई वाडगा धरून होती, तिचे दोन्ही हात गुंतलेले, आणि तिच्या मनात एकच धावा चालला होता: कुणीतरी म्हणा. कुणीतरी म्हणा.

*टण्. टण्.*

दादाचा हात थांबला.

तो विचार करून थांबला नव्हता. त्याला अजून कळलंच नव्हतं काय झालं ते. पण लहानपणी व्हॉल्व्हपाशी उकिडवं बसून ऐकलेला तो आवाज. हात शाळेत, कचेरीत, बायकोमुलांत गेला तरी विसरला नव्हता. धाकटा तर जागीच ताठ झाला होता, काम चालू असल्यासारखा.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबांच्या डाव्या मुठीतला चमचा पाइपाला टेकलेला होता. डोळे भिंतीकडे नव्हते. डोळे वाडग्यात होते.

"आबा?" दादा म्हणाला. जग त्याच्या हातात वाकडा झाला आणि सरबत त्याच्या बुटावर सांडू लागलं.

*टण्. टण्.*

"हो, हो, थांबवलं!" दादानं जग सरळ केला. आणि मग तो लहान मुलासारखा म्हणाला, "आबा, थांबवलं ना मी. बघा. थांबवलं."

घोटबाईंनी वाडग्यातलं गाळणीतून पेल्यात काढलं, चमचा बुडवला आणि तिरका केला. सरबत चमच्याच्या टोकाशी आलं, रेंगाळलं, एक लांब तार धरून खाली उतरलं. "जरा घट्टच आहे," त्या म्हणाल्या. "पण घट्ट चालतं. पातळ चालत नाही. चला. कोण देणार?"

आईनं हात मागे घेतला.

"आई," सुई म्हणाली. "तुम्हीच."

"नको गं. माझ्या हातून..."

"तुमच्याच हातून. ओळखीची चव म्हणाल्या ना त्या. मी हनुवटी धरते."

आईनं चमचा घेतला. सुईनं आबांची हनुवटी छातीकडे हळूच वाकवली, घोटबाईंनी शिकवल्याप्रमाणे. घोटबाईंची दोन बोटं आबांच्या गळ्यातल्या घाटीवर. नळाच्या तोंडाशी जमलेला थेंब पडला.

चमचा आत गेला. ओठ मिटले. काहीच झालं नाही. आईचे डोळे घट्ट मिटलेले. सुईला हनुवटीखाली जीभ हलल्यासारखी वाटली, रुतलेली गाडी ढकलावी तशी, एकदा, पुन्हा एकदा. मग घोटबाईंच्या बोटांखाली घाटी वर चढली आणि खाली उतरली.

"आता म्हणा, आ," घोटबाई म्हणाल्या.

"आऽ," आबांचा आवाज आला. खरखरीत, पण कोरडा. ओला नाही.

"छान. गेला खाली. दुसरा."

दुसरा गेला. तिसऱ्याला आबा ठसकले. एकदाच, कोरडं. ताईनं सुईचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. घोटबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "तो ठसका चांगला आहे. वाट चुकलेलं बाहेर ढकलतायत. हेच तर हवं होतं मला." चौथा गेला. पाचवा गेला.

"बाई, म्हणजे..." धाकट्याला पुढचं विचारवेना.

"म्हणजे पोटाला भोक पाडायची घाई नको. नाकातली नळी इतक्यात निघत नाही हं, उड्या मारू नका. रोज हेच, थोडं थोडं, ताठ बसवून. मी येत राहीन. आणि आईंनी एकटीनं उचलायचं नाही. दुपारी कुणीतरी हवं."

"दुपारी मी," ताई म्हणाली. मग सुईकडे न बघता, "मघाशी म्हणाले ते विसर."

"विसरायला लक्षात कोण ठेवतंय," सुई म्हणाली.

दादानं आईच्या हातातून चमचा घेतला होता. तो आबांसमोर गुडघ्यावर बसला होता, ओल्या बुटांनिशी. "अजून एक," तो म्हणत होता, "आबा, माझ्या हातचा एकच. मी अजून दिलाच नाही. एकच घ्या ना."

आबांनी ओठ मिटले. डावा हात सावकाश उठला.

*टण्. टण्.*

"पुरे म्हणतायत," दादा म्हणाला. त्यानं चमचा खाली ठेवला, कपाळ आबांच्या गुडघ्याला टेकवलं. मग उठला, नाक ओढलं आणि फोन घेऊन जिन्यात गेला. दाराआडून त्याचा कचेरीतला आवाज ऐकू आला: "हो, उद्याची गाडी. नाही, पुढे नाही ढकलायची. रद्दच करा."

घोटबाई जगातलं पातळ सरबत पिऊन गेल्या. जरा गोड झालंय, म्हणाल्या. चिमणीनं वाडग्यात बोट बुडवून चाखलं आणि "शी, खळ!" म्हणून थुंकली.

साली उरल्या होत्या. आईनं त्या दोनदा उकळून पाणी टाकलं, कडवटपणा गेला, आता त्यांना पाक हवा होता. कढई चुलीवर चढली. कुणीही न सांगता धाकट्यानं आबांची खुर्ची जराशी फिरवली, कढई दिसेल अशी.

सुईनं साखरेचा डबा उचलला. कढईवर धरला आणि मान पाइपाकडे वळवली.

"टाकते हं, आबा," ती म्हणाली. मोठ्यानं. समोरच्या गल्लीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

साखर पडू लागली. कुणी बस म्हणालं नाही, कुणी अजून म्हणालं नाही. सगळे कान देऊन उभे राहिले.